मनगटावर क्रूस गोंदवायचा आहे: शास्त्र काय म्हणतं, मंडळ्या काय म्हणतात आणि काम नीट कसं करून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर ख्रिस्ती, वय पंचविशीचं, उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला क्रूस आणि त्याखाली एक वचन गोंदवून घ्यायचं आहे. आईचा विरोध, कारण लेवीय 19:28. पाळकांनी "शरीर हे देवाचं मंदिर आहे" एवढंच सांगून विषय संपवला. मैत्रीण म्हणते, जेरुसलेमला तर शेकडो वर्षं यात्रेकरू गोंदवून घेतायत. मग खरं कोणाचं, आणि करायचंच ठरलं तर काय सांभाळायचं?

मैत्रिणीचं म्हणणं खरं आहे. आईचं वचनही खरं आहे, फक्त ते अर्धं वाचलं जातं.

लेवीय 19:28 एका दमात दोन गोष्टी सांगतं: मेलेल्यासाठी अंगावर वार करून घेऊ नका, आणि अंग गोंदवून घेऊ नका. आजूबाजूची वचनंही वाचा. 26 मध्ये शकुन पाहणं आणि जादूटोणा मना आहे, 27 मध्ये डोक्याच्या कडेचे केस गोल कापणं आणि दाढीचे कोपरे छाटणं मना आहे, 31 मध्ये भूतं अंगात आणणाऱ्यांकडे जाणं मना आहे. अनुवाद 14:1 पुन्हा मेलेल्यांसाठी अंग कापण्याबद्दलच बोलतं. 1 राजे 18:28 मध्ये बआलाचे संदेष्टे अंगावर सुऱ्या मारून घेतात, तेव्हा ही प्रथा नेमकी कुणाची होती ते दिसतं. म्हणजे हा सगळा भाग शेजारच्या लोकांच्या शोकविधींपासून आणि मूर्तिपूजेपासून इस्राएलाला वेगळं ठेवण्याचा आहे. दागिना किंवा शोभा हा तिथे विषय नाही.

यावर एक सोपं उत्तर हमखास दिलं जातं: "त्याच अध्यायात 19 व्या वचनात दोन प्रकारच्या सुतांचं कापड घालू नका असंही आहे, ते कोण पाळतं? मग हेही सोडून द्या." हे उत्तर मला पटत नाही, आणि कुणाच्या आईलाही पटू नये. कारण त्याच अध्यायाचं 18 वं वचन आहे "शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर", आणि ते खुद्द येशूने उचलून धरलं. अध्याय असा उचलून फेकता येत नाही. योग्य रीत म्हणजे आज्ञेमागचं कारण शोधायचं आणि ते कारण आपल्या कृतीत आहे का ते पाहायचं. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये जेरुसलेमच्या सभेने परजातीय विश्वासूंवर काय बंधन घालायचं ते ठरवलं: मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म. गोंदणाचा त्या यादीत उल्लेख नाही.

याच कसोटीचा दुसरा परिणाम फारसा कुणी सांगत नाही. गेलेल्या माणसाचं नाव, चेहरा, मृत्यूची तारीख गोंदवून घेणं आज फार वाढलंय आणि त्याला कुणी हरकत घेत नाही. हरकत घेतली जाते ती क्रूसाला. वचनाचा संदर्भ मात्र क्रूसापेक्षा या स्मृतिगोंदणाच्या जास्त जवळ आहे. ते पाप आहे असं मी म्हणत नाही. पण दुःखाच्या पहिल्या काही महिन्यांत असं काम करून घेऊ नये, आणि घ्यायचंच असेल तर आधी पाळकांशी किंवा फादरांशी बसून बोलावं.

बाजूने दिली जाणारी वचनंही जपून वापरा. गलतीकरांस 6:17 मध्ये पौल म्हणतो की येशूच्या खुणा मी अंगावर वागवतो. त्या फटक्यांच्या आणि दगडांच्या खुणा आहेत, परवाना म्हणून ते वचन दाखवू नये. प्रकटीकरण 19:16 मध्ये घोड्यावरच्या स्वाराच्या वस्त्रावर व मांडीवर नाव लिहिलेलं आहे. तो दृष्टान्त आहे. यशया 44:5, "दुसरा आपल्या हातावर लिहील, मी परमेश्वराचा", हे मात्र जवळचं आहे, आणि पुढे दिसेल की जुन्या मंडळीने ते तसंच वाचलं. उलट बाजूला, प्रकटीकरण 13 मधल्या श्वापदाच्या खुणेचा धाक घालणाऱ्यांनी लगेच पुढचं 14:1 वाचावं. तिथे कोकऱ्याच्या लोकांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव आहे. दोन्हीकडे खूण आहे, प्रश्न ती कुणाची याचा आहे.

आता इतिहास, कारण यात खूप चुकीची माहिती फिरते.

रोमन साम्राज्यात गोंदण ही शिक्षा होती. पळून गेलेले गुलाम, शिक्षा झालेले कैदी यांच्या कपाळावर अक्षरं गोंदवत. कॉन्स्टंटाइनने 316 च्या सुमारास चेहऱ्यावर खूण करायला बंदी घातली, कारण चेहरा स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिमेप्रमाणे घडलेला आहे. "पहिल्या ख्रिस्ती सम्राटाने टॅटू बंद केले" असं जे सांगतात ते याच कायद्यावरून. पण कायदा तसा नाही: खूण हातांवर किंवा पोटरीवर करायला त्याने मोकळीकच ठेवली होती. पुढे सहाव्या शतकाच्या आसपास गाझाचा ख्रिस्ती भाष्यकार प्रोकोपियस यशया 44:5 वर भाष्य करताना लिहितो की अनेक जण मनगटावर किंवा दंडावर क्रूसाची खूण किंवा ख्रिस्ताचं नाव काढून घेतात. तो हे निषेध म्हणून लिहीत नाही. म्हणजे तुमच्या मनातली जागा, मनगट, किमान दीड हजार वर्षं जुनी आहे.

सर्वांत जास्त पसरलेली चूक 787 ची. "787 मध्ये दुसऱ्या निकेया धर्मसभेने ख्रिस्ती लोकांना गोंदण बंद केलं" हे वाक्य सगळीकडे आढळतं. ती सभा पवित्र चित्रांना मान द्यावा की नाही या वादासाठी होती, गोंदणाशी तिचा संबंध नाही. खरा मजकूर आहे इंग्लंडच्या उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रियातला. 786 मध्ये पोपच्या दूतांनी तिथे सभा घेतली आणि ओस्तियाचा बिशप जॉर्ज याने पोप हेड्रियन यांना अहवाल पाठवला. त्यात मूर्तिपूजकांच्या रीतीप्रमाणे अंगावर विद्रूप खुणा काढण्याचा निषेध आहे. पण त्याच परिच्छेदात असंही म्हटलंय की एखाद्याने देवासाठी रंगाची ही इजा सोसली तर त्याला मोठं प्रतिफळ मिळेल. परजातीयांच्या अंधश्रद्धेपोटी केली तर तारणासाठी तिचा उपयोग नाही. बाराशे वर्षांपूर्वीचं हे वाक्य आजच्या वादापेक्षा जास्त नेमकं आहे. हेतूवर बोट ठेवून ते मोकळं होतं.

जेरुसलेमची परंपरा सर्वांत सलग. 1697 च्या ईस्टरला इंग्रज पाद्री हेन्री मॉन्ड्रेल तिथे होता आणि पवित्र शनिवारी यात्रेकरूंच्या हातांवरचं काम त्याने जवळून पाहिलं. लाकडी ठसे तयार असत. हवी ती आकृती निवडायची. ठशाला कोळशाची पूड लावून ती हातावर उमटवायची. मग दोन अगदी बारीक सुया एकत्र घट्ट बांधून, टाक बुडवावा तशा पुन्हा पुन्हा शाईत बुडवत, ठशाच्या रेघांवरून टोचत जायचं. शाई बंदुकीची दारू आणि बैलाचं पित्त यांची असल्याचं त्याला सांगण्यात आलं. शेवटी ती जागा द्राक्षारसाने धुवायची. ठसा आधी, सुई नंतर, हा क्रम आजही तोच आहे; कोळशाच्या जागी स्टेन्सिलचा जांभळा कागद आला इतकंच. जुन्या शहरात याफा दरवाजाजवळ रझ्झूक घराणं अजून हे काम करतं. मूळचे इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती, आणि पिढ्यांची परंपरा सातशे वर्षांची असल्याचं ते सांगतात. घराण्याचे जुने लाकडी ठसे अजून वापरात आहेत. 1862 मध्ये ब्रिटनच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, तिथे जेरुसलेम क्रूस गोंदवून घेतला. वीस वर्षांनी त्याचा मुलगा पाचवा जॉर्ज यानेही घेतला. राजघराण्याची गोष्ट सगळे सांगतात, पण परंपरा जगवली ती आर्मेनियन, सिरियन आणि कॉप्टिक यात्रेकरूंनी. त्यांच्यात हातावरचं चिन्ह आणि यात्रेचं साल हा जेरुसलेमला जाऊन आल्याचा दाखला मानला जाई.

इजिप्तमध्ये कॉप्टिक मुलांच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लहान क्रूस लहानपणीच गोंदवतात. अल्पसंख्य समाजात तो ओळखीचा दाखला आहे आणि माघार न घेण्याची कबुलीही. इथिओपिया आणि इरिट्रियात, विशेषतः बायकांच्या, कपाळावर क्रूस असतो. बोस्नियातल्या कॅथलिक बायका उस्मानी राजवटीच्या काळापासून हातांवर, बोटांवर, छातीवर क्रूस गोंदवत आल्या. त्याला तिथे सित्सान्ये म्हणतात, आणि ते बरेचदा 19 मार्चच्या संत योसेफाच्या सणाच्या सुमारास करत. काजळी, मध आणि बाळंतिणीचं दूध यांची शाई. इथिओपियात सत्ता ख्रिस्तीच होती; तो अपवाद सोडला तर या जागांमध्ये एक धागा समान आहे: ख्रिस्ती लोक जिथे दुसऱ्याच्या सत्तेखाली राहिले तिथे क्रूस कातडीवर गेला. इतरत्र जिथे सत्ता ख्रिस्ती होती तिथे बहुधा गोंदणाला मूर्तिपूजेची किंवा गुन्हेगाराची खूण मानलं गेलं. एकोणिसाव्या शतकात पॅसिफिक बेटांवर मिशनऱ्यांच्या प्रभावाखालच्या कायद्यांनी ताहितीच्या टापूत गोंदण बंद पाडलं. सामोआत विरोध असूनही ते टिकलं, आणि आज तिथे अंगभर पारंपरिक गोंदण असलेला माणूस रविवारी मंडळीत बसतो, कुणाला त्यात विसंगती वाटत नाही.

आजच्या मंडळ्यांचं म्हणाल तर कॅथलिक शिकवणीत गोंदणावर थेट बंदी कुठेच नाही. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात गोंदणाचा उल्लेखच नाही. पोप फ्रान्सिस यांनी मार्च 2018 मध्ये तरुणांच्या सभेत बोलताना धर्मगुरूंना सांगितलं की टॅटूंना घाबरू नका, आणि उदाहरण दिलं ते कपाळावर क्रूस गोंदवणाऱ्या इरिट्रियातल्या लोकांचं. अतिरेक होतो हेही ते बोलले. वसई, मुंबई किंवा गोव्यात एखादे फादर नाराज होतील, पण ती त्यांची व्यक्तिगत सूचना. प्रभुभोजन नाकारण्याचं ते कारण होत नाही. उत्तर भारतीय चर्चसारख्या मंडळ्यांत बहुतेक वेळा पाळकांच्या विवेकावर विषय सोडलेला असतो. ब्रेदरन आणि बऱ्याच पेंटेकॉस्टल मंडळ्यांत विरोध कडक असतो. तिथे दागिन्यांवरही नियम असतात, त्यामुळे गोंदण त्याच ओळीत येतं. अशा मंडळीत तुम्ही संडे स्कूल शिकवत असाल, गायनात असाल किंवा सेवेची जबाबदारी असेल, तर आधी विचारा. नंतर कळल्यावर वाद गोंदणापेक्षा न सांगण्यावरून होतो. सेमिनरीत किंवा कॉन्व्हेंटमध्ये जायचा विचार मनात असेल तर दिसणाऱ्या जागी काहीही काढण्याआधी तिथल्या प्रमुखांशी बोला.

"शरीर देवाचं मंदिर" हे 1 करिंथकरांस 6:19 मधलं वाक्य मुळात जारकर्माबद्दल आहे, हे त्याआधीचं वचन वाचलं की दिसतं. पण त्यातलं तत्त्व मोठं आहे आणि शरीरात बदल करण्याच्या प्रश्नात मंडळीने ते खरोखर वापरलंय. रेघ साधारण अशी ओढली गेली: शोभा चालते, अंगाचं काम बिघडवणं चालत नाही. रिबकेला नाकात नथ मिळाली (उत्पत्ती 24), आणि निर्गम 21:6 मध्ये मालकाकडेच राहू इच्छिणाऱ्या दासाचा कान आरीने टोचला जातो. उलट 325 च्या पहिल्या निकेया सभेचा अगदी पहिला नियम असा की ज्याने निरोगी असताना स्वतःला खच्ची करून घेतलं त्याला पाळकवर्गात ठेवू नये. वैद्याने उपचारासाठी केलं किंवा शत्रूने जबरदस्तीने केलं तर अडचण नाही. आजचा कॅथलिक कायदाही स्वतःचं गंभीर अंगच्छेदन करणाऱ्याला दीक्षेपासून अडवतो. या मापाने कान-नाक टोचणं, बेंबीत बाळी, गोंदण ही एका बाजूला; जीभ दुभागणं, मुद्दाम खोल व्रण पाडणं, अवयव कापणं दुसऱ्या बाजूला. मधल्या गोष्टींबद्दल मतभेद राहणारच.

आपल्याकडचा एक प्रश्न इथेच उरकतो, कारण तो पाश्चात्त्य उत्तरांत सापडत नाही. पहिल्या पिढीच्या विश्वासू बायकांच्या हातांवर, कपाळावर, हनुवटीवर आधीचं गोंदण असतं: तुळशीवृंदावन, देवाचं नाव, कुळाचं चिन्ह. मेल्यावर दुसरं काही बरोबर येत नाही, गोंदण तेवढं येतं, ही समजूत अनेकींच्या मनात पक्की असते. बाप्तिस्म्याआधी ते काढायलाच हवं असं कोणतंही शास्त्रवचन नाही. त्या बाईला शिकवायचं ते एवढंच की परलोकी तिची ओळख हातावरच्या नक्षीने होत नाही. चुना, कॉस्टिक किंवा आम्ल लावून गोंदण जाळण्याचे उपाय गावोगाव सांगितले जातात. त्यातून रंग पूर्ण जात नाही, कारण तो वरच्या कातडीच्या खाली असतो. भाजल्याचा जाड व्रण मात्र जन्मभर राहतो. कुणाला मनापासून काढायचंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे क्यू-स्विच्ड एनडी-याग लेसर, काळ्या-निळ्या शाईसाठी 1064 नॅनोमीटर. दोन बैठकांत सहा ते आठ आठवड्यांचं अंतर, आणि अनेक बैठका लागतात. आपल्या सावळ्या कातडीवर घाई केली की पांढरे डाग पडतात. जुनं, हाताने केलेलं काजळीचं गोंदण यंत्राच्या दाट टॅटूपेक्षा लवकर फिकं होतं.

आता तुमचं मनगट.

आकृतीपासून सुरुवात. लांब दांड्याचा क्रूस मनगटावर काढला की दिशेचा घोळ होतो. तुम्हाला सरळ दिसावा म्हणून वरचं टोक बोटांकडे ठेवलं, तर हात खाली सोडल्यावर बघणाऱ्याला तो उलटा दिसतो, आणि उलट्या क्रूसाबद्दल लोक नको ते अर्थ काढतात. टॅटू करणाऱ्यांची रीत म्हणजे हात खाली सोडल्यावर आकृती सरळ दिसली पाहिजे, म्हणजे वरचं टोक कोपराकडे. तुम्हाला स्वतःला प्रार्थनेत बघण्यासाठी हवा असेल तर हे खटकेल. कॉप्टिक लोकांचा उपाय उत्तम आहे: चारही हात सारखे असलेला क्रूस. तो कुठूनही सरळच. जेरुसलेम क्रूसही तसाच, पण त्यात मोठ्या क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चार छोटे असतात. तो तीन सेंटीमीटरपेक्षा लहान केला तर काही वर्षांत छोटे चार क्रूस नुसते ठिपके होतात. साधा समभुज क्रूस दीड सेंटीमीटरचाही चालतो.

जागा: मनगटाच्या घडीवर नको. तिथली कातडी दिवसभर दुमडते, शाई टिकत नाही. घडीपासून कोपराच्या दिशेने दोन बोटं सोडून सुरुवात करा. उजव्या हातात घड्याळ किंवा कडं घालत असाल तर जखम भरेपर्यंत ते डाव्या हातात.

वचन: इथे सर्वांत जास्त कामं बिघडतात. शाई कातडीत वर्षानुवर्षं थोडी थोडी पसरते. देवनागरीत शिरोरेघ, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरं अशी गर्दी असते; "क्ष", "द्ध", "स्त" यांची पोटं आधी भरून जातात. अक्षराची उंची, मात्रा सोडून, आठ ते दहा मिलिमीटर तरी हवी. त्या मापात पूर्ण वचन मनगटावर मावत नाही. म्हणून फक्त संदर्भ घ्या, "योहान 3:16" असा, आणि दोन टिंबांमध्ये दीड-दोन मिलिमीटर अंतर मागून घ्या, नाहीतर त्यांची एक रेघ होते. मराठीत "ख्रिस्त" मधला ऱ्हस्व इकार, "येशू" मधला दीर्घ ऊकार हे कागदावर स्वतः लिहून न्या. अनेक डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी चिकटवलं की इकार अक्षराच्या मागे जातो आणि जोडाक्षर फुटतं. कलाकार मराठी वाचणारा नसेल तर त्याला ते कळत नाही. तोच प्रकार हिब्रूत: लिपी उजवीकडून डावीकडे, आणि सॉफ्टवेअर ती उलटी मांडतं. शिवाय दालेत-रेश, हे-खेत ही अक्षरं केसभर फरकाची आहेत. हिब्रू वाचता येणाऱ्या माणसाने स्टेन्सिल पाहिल्याशिवाय सुई लावू देऊ नका. परमेश्वराच्या नावाची चार हिब्रू अक्षरं अंगावर घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या लोकांकडून ते नाव आपल्यापर्यंत आलं ते त्याचा उच्चारही टाळतात.

स्टेन्सिल हातावर उठल्यावर उभे राहा, हात सोडा, आरशात बघा, मग मनगट वळवा. मनगट वळलं की सरळ रेघ तिरकी दिसते, म्हणून स्टेन्सिल हात नैसर्गिक सोडलेल्या स्थितीत लावायचा असतो. टेबलावर हात पालथा-उताणा करून लावलेला क्रूस नंतर वाकडा वाटतो. दोनदा-तीनदा पुसून लावायला सांगण्यात संकोच करू नका.

सुई: बारीक रेघांसाठी तीन किंवा पाच सुयांचा राउंड लायनर. टोक कातडीत एक ते दोन मिलिमीटर जायला हवं. आतलं मनगट पातळ असल्याने कमी बाजूलाच. फार वर राहिलं तर शाई खपलीबरोबर पडते. फार खोल गेलं तर रेघेभोवती निळसर धूर पसरल्यासारखा डाग येतो, आणि तो सहजी दुरुस्त होत नाही. क्रूसाची टोकं आणि मधला छेद इथे हे सर्वाधिक होतं, कारण तिथे सुई थांबते किंवा दोन रेघा एकमेकींवर जातात. चांगला कलाकार छेदाशी हात हलका करतो.

रंग काळाच घ्या. रक्ताचे थेंब, लाल हृदय हे कॅथलिक आकृत्यांत सुंदर दिसतं, पण ॲलर्जीच्या तक्रारी सर्वांत जास्त लाल शाईच्या असतात, आणि त्या वर्षांनंतरही उठू शकतात. पवित्र हृदयाचं चित्र छातीच्या मधोमध घेण्याची आवड आहे. तीच जागा, खांद्यांबरोबर, गाठीसारखे व्रण उठण्यासाठी बदनाम आहे. घरात कुणाला लस टोचल्यावर किंवा कान टोचल्यावर तशी गाठ आली असेल तर छाती टाळा, आणि मनगटासाठीही आधी त्वचारोगतज्ज्ञाला विचारा. आधी तात्पुरतं करून बघायचं असेल तर "काळी मेंदी" वापरू नका. तिच्यात केस काळे करण्याचं पीपीडी हे रसायन असू शकतं आणि त्याने फोड येतात. मार्करने रोज काढा, तीन महिने. तेवढ्यात कंटाळा आला तर उत्तर मिळालं.

स्वच्छतेत लोक फक्त सुई नवी आहे का ते बघतात. ते अर्धंच. जत्रेतल्या गाड्यावर सुई बदलली तरी शाईची वाटी तीच असते, आणि आधीच्या माणसाच्या रक्ताचा अंश वाटीत गेलेला असतो. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यासाठी तेवढं पुरतं. एवढं सगळं हवं: तुमच्यासमोर फोडलेलं सुयांचं सीलबंद कार्ट्रिज, तुमच्यासमोर छोट्या टोपणात ओतलेली आणि उरलेली फेकून दिलेली शाई, यंत्रावर आणि वायरवर प्लास्टिकचं आवरण, कामाच्या मध्ये फोन उचलला तर बदललेले हातमोजे. पुन्हा वापरायची धातूची नळी असेल तर ती ऑटोक्लेव्हमधून (दाबाच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र) आलेली हवी, 121 अंशांवर किमान पंधरा मिनिटं. उकळत्या पाण्यातून किंवा स्पिरिटने पुसून नव्हे. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर आधी पूर्ण करा. मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, तर आता नको.

काम झाल्यावर आवरण किती वेळ ठेवायचं ते कलाकार सांगेल: साधी फिल्म असेल तर काही तास, चिकटणारी वैद्यकीय फिल्म असेल तर काही दिवस. मग कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण, दिवसातून दोन-तीन वेळा, टिपून कोरडं करणं, आणि मलमाचा अगदी पातळ थर. जाड थर लावला की जागा ओली राहते, खपली फुगते आणि शाईसकट निघते. पावसाळ्यात कोकणपट्टीत हे फार होतं. खाज चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू होते, नखं लावू नका. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत भरते, खालची पूर्ण बसायला महिना-दीड महिना. लाली पसरत गेली, पू आला, ताप आला तर हळद-खोबरेल न लावता डॉक्टर.

यातूनच तारखेचा प्रश्न येतो, आणि तो विश्वासू लोकांत नेहमी चुकतो. बाप्तिस्म्याची आठवण म्हणून क्रूस घ्यायचा आणि बाप्तिस्मा बुडवून, नदीत किंवा टाकीत व्हायचा असेल, तर तो आधी होऊ द्या. ताज्या गोंदणावर साचलेलं पाणी जंतुसंसर्गाला आमंत्रण आहे. उलट क्रमात किमान चार आठवडे सोडावे लागतात. गुड फ्रायडेला गोंदवून घेण्याची इच्छा समजू शकते, पण त्या दिवशी उपास असतो आणि रिकाम्या पोटी सुईखाली बसलेला माणूस चक्कर येऊन पडतो. काम सुरू होण्याआधी दोन तासांत नीट जेवलेलं असावं. ईस्टरनंतरचा आठवडा घ्या. मंडळीच्या रक्तदान शिबिरात नाव दिलं असेल तर तेही आधी उरका, कारण भारतातल्या नियमाप्रमाणे गोंदण किंवा टोचणी झाल्यावर बारा महिने रक्त देता येत नाही. सैन्यात जायचं मनात असेल तर कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच जागी कायमचं गोंदण चालतं (आदिवासी उमेदवारांसाठी वेगळी सवलत आहे). तुम्ही निवडलेली जागा त्यात बसते. तरी भरतीची त्या वर्षीची सूचना वाचूनच स्टुडिओत वेळ घ्या.

आणि आईला लेवीय 19 पूर्ण वाचून दाखवायला बसाल तेव्हा सोबत रोमकरांस 14 घ्या. तिथे पौल दोन्ही बाजूंना बोलतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, आणि ज्याला मनातून शंका आहे त्याने करू नये. त्या शेवटच्या ओळीला अडखळलात तर अपॉइंटमेंट पुढे ढकला.